नभोवाणीची करमणूक, राजसत्तेचा कल व श्रोत्यांची साक्ष : मंगरूळपीरच्या निमित्तानें

१. ऐतिहासिक साधनांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस रेडिओ हा विषय अगदीं अलीकडचा, म्हणून आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. दप्तरें, सनदा, शकावल्या व बखरी यांच्या शेजारीं श्रोत्यांचीं पोस्टकार्डें आणि रेडिओचे परवाने मांडावयाचे, ही कल्पना कित्येकांस विचित्रहि भासेल. परंतु इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें मुंबईचें ध्वनिक्षेपणकेंद्र ता. २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें, त्यास आतां शंभर वर्षें होत आलीं. इतक्या अवधींत दोन पिढ्या जाऊन तिसरीच्या हातीं घरें आलीं व पहिलीचे कागद रद्दीच्या वाटेस लागले. तेव्हां हा विषय केवळ चालू काळाचा राहिलेला नसून संशोधकाचा झाला आहे, असें आम्हांस वाटतें.

२. प्रश्न असा आहे. सरकारी नभोवाणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांस एके काळीं मोठा श्रोतृवर्ग होता. तो पुढें ओसरला. कां ओसरला? एक पक्ष म्हणतो कीं, सत्ताधाऱ्यांनीं गाण्याबजावण्यांतहि आपला कल घुसविला, म्हणून लोक कंटाळून उठून गेले. दुसरा पक्ष म्हणतो कीं, राजकारणाचा यांत कांहींएक संबंध नाहीं. नवीं साधनें आलीं व जुनें मागें पडलें. दोन्ही पक्ष आपापलें म्हणणें ठांसून मांडतात. परंतु दोघांचाहि आधार बहुधा सरकारी हुकूम, मंत्र्यांचीं भाषणें व अधिकाऱ्यांच्या आठवणी एवढाच असतो. जुन्या गोतसभेंत वादीप्रतिवादींच्या तकरिरी घेऊन भागत नसे. गोताची साक्ष होई, आणि मगच महजर लिहिला जाई. येथें गोत म्हणजे श्रोते. त्यांची साक्ष नीट घेतल्यावांचून निवाडा करूं पाहणें म्हणजे एकतर्फी कैफियतीवर वतन देण्यासारखें आहे.

३. ही साक्ष कोठें शोधावी हें ठरविण्यासाठीं आम्ही मंगरूळपीर हें गांव समोर ठेविलें आहे. ज्या शहरीं ध्वनिक्षेपणकेंद्र असतें, तेथें केंद्राचा इतिहास श्रोत्याच्या इतिहासास झांकून टाकतो. तालुक्याच्या गांवीं तसें होत नाहीं. तेथें येणारा आवाज दुरूनच येतो, आणि कोणता घ्यावा व कोणता सोडावा हें कळ फिरविणारा हात ठरवितो. मंगरूळपीर हें हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळें ‘पीर’ या पदानें ओळखलें जाणारें गांव. इंग्रजी अमलांत तें बाशीम जिल्ह्यांत होतें, १९०५ सालीं तो जिल्हा मोडल्यावर अकोला जिल्ह्यांत आलें, आणि ता. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा पुन्हां निराळा झाला तेव्हां त्यांत गेलें. राज्याच्या दृष्टीनें पाहतां, ता. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तें नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशांत, तेथून ता. ३० एप्रिल १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यांत, व त्यानंतर महाराष्ट्रांत. हा तपशील पुढें कागदांचा काळ ठरवितांना उपयोगी पडेल, म्हणून येथेंच नमूद केला आहे.

४. स्वातंत्र्याच्या वेळीं भारताच्या वांट्यास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली अशीं सहाच केंद्रें आलीं, आणि साऱ्या देशांत परवाने होते सुमारें पावणेतीन लाख. मध्यप्रांत-वऱ्हाडांत केंद्र नव्हतें. तें नागपूरास ता. १६ जुलै १९४८ रोजीं झालें. येथें लहरींचा स्वभाव सांगणें अवश्य आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत चालतात व अंतराबरोबर क्षीण होत जातात. लघु लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरून शेंकडों मैलांवर उतरतात. यामुळें केंद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडी गांवीं आपल्याच प्रांताचा आवाज मंद, आणि समुद्रापलीकडच्या कोलंबोचा आवाज स्वच्छ, असें होऊं शके. श्रोत्यास दुसरें दार उघडें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेविल्यावांचून पुढील इतिहास उमगणार नाहीं.

५. राजसत्तेचा कल म्हणजे राजकीय पक्षाचाच कल, असें धरून चालणें बरोबर नाहीं. पेटीचें उदाहरण पाहावें. ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम वाजविण्यास १९४० च्या मार्च महिन्यापासून मनाई झाली. पेटीचे ठराविक स्वर हिंदुस्थानी गायनांतील श्रुतींस व मिंडेस जुळत नाहींत, असा आक्षेप होता. त्या वेळच्या संस्थेचे प्रमुख लायोनेल फील्डन यांच्या काळांत तो हुकूम झाला, आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारखे थोर पुरुषहि पेटीस प्रतिकूल होते. आक्षेपांत तथ्य असेल. पण ज्या मराठी मुलुखांत नाट्यगीतापासून कीर्तनापर्यंत सर्वत्र पेटीची साथ चाले, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकानें तिला मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें, तेथील श्रोत्यास याबद्दल कोणी विचारलें नाहीं. इंग्रजांचें राज्य गेलें, स्वराज्य आलें, तरी हुकूम कायम राहिला. १९७१ सालीं तो सैल झाला. राज्यें बदललीं पण हुकूम बदलला नाहीं, यावरून हा कल पक्षाचा नसून अधिकाराचा होता, हें उघड आहे.

६. दुसरें प्रकरण चित्रपटगीतांचें. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे, काशी विद्यापीठांत व पुढें पॅरिसला शिकलेले गृहस्थ १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. संस्थानें बुडालीं, दरबारांचा आश्रय संपला, तेव्हां शास्त्रोक्त संगीताचा सांभाळ आतां नभोवाणीनेंच केला पाहिजे, अशी त्यांची निष्ठा होती. १९५२ च्या जुलै महिन्यांत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरूं लागलें. शेंकडों गवयांस व वादकांस यामुळें अन्न व मान दोन्ही मिळालें, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु याच्याच जोडीला चित्रपटगीतांचा वेळ कमी करून तो एकदशांशावर आणण्यांत आला, आणि गाणें लावतांना गायकाचें नांव सांगावें, चित्रपटाचें सांगूं नये, असें ठरलें. निर्मात्यांनीं आपल्या गीतांची परवानगी काढून घेतली. परिणामीं देशाच्या नभोवाणीवरून देशांत सर्वांत अधिक गुणगुणलीं जाणारीं गाणीं जवळजवळ नाहींशीं झालीं.

७. मग उघडें असलेलें दार उपयोगांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत आग्नेय आशियांतील सैन्यासाठीं सिलोनांत जबर शक्तीचे ध्वनिक्षेपक उभारले गेले होते. ते पुढें रेडिओ सिलोनच्या हातीं आले. ता. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, या दिवशीं त्या केंद्रावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी हे ती सादर करीत, आणि तिचें मुद्रण मुंबईंत होऊन तें कोलंबोस जाई. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रें आलीं, असें सयानी यांनीं सांगितलेलें आहे. हा आंकडा घेतांना दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. एक, तो स्वतः निवेदकानें सांगितलेला आहे. दुसरी, आरंभीं कार्यक्रमास बक्षिसाची जोड होती, व बक्षिसासाठीं लिहिणारा प्रत्येक जण नित्याचा श्रोता असतोच असें नाहीं. तरीहि दिशा स्पष्ट आहे. श्रोता निघून गेला. आणि तो कोणा पक्षाच्या प्रचारास विटून गेला नाहीं, तर त्याची आवड हीन ठरविली गेली म्हणून गेला.

८. मात्र याच मंत्र्यांच्या कारकीर्दींतील दुसरी बाजू सोडून दिल्यास तो पक्षपात आमच्याच पदरीं येईल. पुणें केंद्रानें ता. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पासून ता. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत ‘गीतरामायण’ प्रक्षेपित केलें. ग. दि. माडगूळकर यांचें काव्य, सुधीर फडके यांचें संगीत, केंद्राचे सीताकांत लाड यांची योजना. एकूण गीतें ५६. हें सरकारी केंद्र, सरकारी पैसा व सरकारी वेळ. तरी महाराष्ट्रानें तें आपलें मानलें, आणि १९५७ सालीं भारत सरकारच्या प्रकाशन विभागानेंच त्याचें पुस्तक काढलें. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज संग्राहकांनीं जपावी अशी वस्तु आहे. तसाच दुसरा प्रयोग १९५६ सालचा. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेच्या साहाय्यानें पुणें केंद्रानें मराठी भाषेच्या पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापिलीं. दहा आठवडे, आठवड्यास दोनदां, गांवकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि चर्चेचा वृत्तांत व शंका केंद्राकडे धाडीत; पुढील कार्यक्रमांत त्यांस उत्तर मिळे. पॉल न्यूराथ यांनीं जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल १९५९ सालीं छापला गेला. विषय करमणुकीचा नव्हे. परंतु श्रोत्याची साक्ष पद्धतशीर घेतल्याचें इतकें चांगलें उदाहरण मराठी मुलुखांत विरळा. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रदेशांत असल्यामुळें मंगरूळपीरचा टापू या प्रयोगाबाहेर राहिला.

९. गेलेला श्रोता परत आणण्याची खटपट सरकारनेंच केली. ता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली. कवि नरेंद्र शर्मा हे तिच्या उभारणींतील प्रमुख. मुंबई व मद्रास येथील लघु लहरींवरून ती देशभर जाऊं लागली, म्हणजे सिलोनशीं सिलोनच्याच शस्त्रानें सामना झाला. पुढें ता. १ नोव्हेंबर १९६७ रोजीं तिच्यावर जाहिराती घेण्यास आरंभ झाला तो मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांतून. पसंतीचीं गाणीं मागविणाऱ्या पत्रांचा काळ तो हाच. बिहारांतील, आतां झारखंडांत असलेलें, झुमरी तलैया हें लहान गांव अशा पत्रांमुळें देशभर ठाऊक झालें. त्याचें नांव घेणें हा विनोदाचा विषयहि झाला. पण इतिहासाच्या दृष्टीनें तो विनोद नव्हे. ज्या गांवचें नांव नकाशांत शोधावें लागे, तेथील मनुष्यास आपलें नांव राष्ट्राच्या नभोवाणीवर ऐकूं येत होतें. आणि त्यासाठीं तो पोस्टकार्डाचा खर्च आनंदानें करीत होता. विचारल्यावर श्रोता परत येतो, हा या प्रकरणाचा धडा.

१०. आतां निखळ राजकीय पक्षपाताचें प्रकरण. आणीबाणी ता. २५ जून १९७५ रोजीं पुकारली गेली, व तीनच दिवसांनीं इंद्रकुमार गुजराल यांच्या जागीं विद्याचरण शुक्ल हे माहिती व नभोवाणी खात्यावर आले. नागपूरचें केंद्र सुरू झालें तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मुख्य प्रधान असलेले रविशंकर शुक्ल यांचे हे चिरंजीव. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारांत चित्रपटव्यवसायांतील कलावंतांनीं साह्य करावें, अशी खात्याची अपेक्षा होती. गायक किशोरकुमार, हेहि जुन्या मध्यप्रांतांतील खांडव्याचेच, यांनीं नकार दिला. १९७६ च्या मे महिन्यांत त्यांचीं गाणीं आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून बंद झालीं. त्यांच्या तबकड्यांच्या विक्रीसहि आडकाठी करण्यांत आली. जून महिन्यांत त्यांनीं सहकार्याचें पत्र दिल्यावर बंदी उठली. येथें पेटीसारखा स्वराचा आक्षेप नाहीं, कीं केसकरांसारखी रुचीची निष्ठा नाहीं. गाणें तेंच, गळा तोच. दोष एवढाच कीं गाणारा वांकला नाहीं. मात्र कोलंबोच्या केंद्रास हा हुकूम लागू नव्हता; मंगरूळपीरच्या श्रोत्यास कळ फिरवून तिकडे जाण्याची वाट पूर्वीप्रमाणेंच मोकळी होती.

११. हें प्रकरण आपणांस इतकें तपशीलवार ठाऊक आहे तें न्या. जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगामुळें. आयोग मे १९७७ मध्यें नेमला गेला, आणि त्याचे अहवाल १९७८ सालीं बाहेर पडले. १९८० च्या सत्तांतरानंतर या अहवालाच्या प्रती दुर्मिळ झाल्या. शेवटीं संसदेचे माजी सदस्य एरा सेझियन यांनीं हातीं लागलेल्या प्रतीवरून तो २०१० सालीं पुन्हां छापविला, आणि ग्रंथाच्या नांवांतच तो हरवून सांपडल्याचें नमूद केलें. बत्तीस वर्षांपूर्वीं सरकारी छापखान्यांत निघालेला अहवाल एका व्यक्तीच्या खटपटीवांचून सहजीं मिळेनासा होतो, तर श्रोत्यांच्या किरकोळ कागदांची काय कथा! संग्राहकाच्या कामाचें मोल यापरतें दुसऱ्या कशानें सिद्ध व्हावें?

१२. शेवटचें प्रकरण ओहोटीचें. १९८२ च्या ऑगस्टांत दूरदर्शनचें राष्ट्रीय प्रक्षेपण व रंगीत चित्र आलें. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं ‘रामायण’ मालिका चालली, तेव्हां घरांतील मध्यवर्ती जागा रेडिओकडून दूरचित्रवाणीकडे गेली, हें त्या पिढीस सांगावयास नको. येथें एक गोष्ट विसरली जाते. दूरदर्शन १९७६ च्या एप्रिलांत आकाशवाणीपासून वेगळें झालें खरें, पण दोन्ही संस्था एकाच खात्याच्या. श्रोता एका सरकारी घरांतून उठून दुसऱ्या सरकारी घरांत गेला. सरकारचा कल हेंच त्याच्या जाण्याचें कारण असतें, तर तो तेथें कां गेला असता? पुढें १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असें ठरविलें. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ सालीं अमलांत आला. आणि २००१ पासून खाजगी एफ. एम. केंद्रें सुरू झालीं. खाजगी केंद्रांस स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाहीं. म्हणजे तेथें गेलेला श्रोता बातम्यांच्या निःपक्षपातासाठीं गेला असें म्हणतां येत नाहीं. नागपूरच्या प्रबळ ध्वनिक्षेपकावरून ता. १८ मे १९८८ पासून रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९१९ नव्हे तर अगदीं काल-परवां, २०१९ च्या आरंभीं बंद करण्यांत आली, ती खर्चाच्या काटकसरीसाठीं. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनें सरकारापासून किती अंतर राखावें, हा वाद १९९७ नंतरहि मिटलेला नाहीं; तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

१३. आतां निवाडा. वरील चार प्रकरणें लोक एकाच गाठोड्यांत बांधतात. तीं सोडून पाहिलीं पाहिजेत. १९४० व १९५२ चे हुकूम रुचीचे होते; त्यांपैकीं दुसऱ्यानें श्रोते प्रत्यक्ष गमावले. १९७६ चा हुकूम पक्षाचा होता. तो अवघे कांहीं आठवडे टिकला, आणि त्याची हानि श्रोत्यांच्या संख्येपेक्षां विश्वासाच्या खातीं अधिक लिहावी लागते. १९८० नंतरची ओहोटी मुख्यतः साधनांतराची. तेव्हां ‘पक्षपातामुळें श्रोते गेले’ हें सूत्र जसेंच्या तसें टिकत नाहीं, आणि ‘राजसत्तेचा कांहींच दोष नाहीं’ हेंहि टिकत नाहीं. दोहोंखालीं एक समान सूत्र आहे तें असें : ज्या ज्या वेळीं श्रोत्याला न विचारतां त्याच्यासाठीं ठरविलें गेलें, त्या त्या वेळीं केंद्र व श्रोता यांत अंतर पडलें, आणि ज्या वेळीं त्याचें पत्र उघडून वाचलें गेलें, त्या वेळीं तें भरून आलें.

१४. परंतु हा निवाडा पक्का करावयाचा तर साधनें पाहिजेत. छापील कार्यक्रमपत्रिका, उदाहरणार्थ ‘इंडियन लिसनर’चे अंक, ठरलेला कार्यक्रम सांगतात, प्रत्यक्ष काय वाजलें व कोणीं ऐकलें हें सांगत नाहींत. तें सांगणारीं साधनें मंगरूळपीरसारख्या गांवांच्या माळ्यांवर व पेट्यांत शोधावयाचीं : रेडिओच्या परवान्यांचीं पुस्तकें, गाण्यांच्या क्रमवाऱ्या उतरून घेतलेल्या वह्या, केंद्राकडून आलेलीं उत्तरें, दुकानदारांच्या विक्रीच्या चोपड्या, आणि परत आलेलीं किंवा न धाडलेलीं पोस्टकार्डें. परवाना घेणें १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत कायमचें बंद झालें. त्यापूर्वीं तो पोस्टांत मिळे व पोस्टांतच नवा करावा लागे, यामुळें त्यावर ठिकाण व काळ या दोहोंची साक्ष मिळते. एका गांवचे पंचवीस परवाने जरी एकत्र आले, तरी यंत्र कोणत्या वर्षीं कोणत्या वस्तींत पोंचलें हें दिसूं लागेल.

१५. तारीख नसलेल्या कार्डाचा काळ पत्त्यावरून ठरवितां येतो. पत्त्यांत मध्यप्रदेश असेल तर तें १९५६ पूर्वींचें. मुंबई राज्य असेल तर १९५६ ते १९६० मधील. अकोला जिल्हा व महाराष्ट्र असेल तर १९६० ते १९९८ मधील. वाशीम जिल्हा असेल तर त्यानंतरचें. लिहिणारा जुन्या संवयीनें जुनेंच नांव घालूं शकतो, म्हणून दुसरी खूणहि पाहावी. तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर सामान्यतः एप्रिल १९५७ पूर्वींचें. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ नंतरच्या थोड्या वर्षांचें. पिन क्रमांक असेल तर ता. १५ ऑगस्ट १९७२ नंतरचें. शिवाय अमरावती जिल्ह्यांत मंगरूळ दस्तगीर हें निराळें गांव आहे. नुसतें ‘मंगरूळ’ वाचून कार्ड इकडचें तिकडे नोंदलें जाऊं नये.

१६. राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करीत, तेव्हां त्या कागदांतहि पुष्कळांस निव्वळ रद्दी दिसत होती. त्या रद्दींतून मराठ्यांच्या इतिहासाचे बावीस खंड उभे राहिले. आमच्या काळांतील साध्या माणसानें राजसत्तेच्या आवाजास काय उत्तर दिलें, तें त्या कार्डांवर व वह्यांवर आहे. त्यांची शाई फिकट होत चालली आहे व घरें पाडून नवीं बांधलीं जात आहेत. ज्या वाचकांच्या पाहण्यांत असे कागद येतील, त्यांनीं ते मूळ स्थितींत ठेवून, कोठें व कोणत्या स्थितींत मिळाले याची नोंद करून, जवळच्या संशोधनसंस्थेच्या स्वाधीन करावे, किंवा निदान त्यांच्या नकला उतरून ठेवाव्या, अशी आमची विनंति आहे.